पिवळेपणाचा गुन्हा

मराठीत ‘हस्तिदंती’ हे एका रंगाचे नाव आहे. पेणच्या कापडबाजारात साडी निवडताना ते वापरले जाते आणि रोह्याच्या रंगाच्या दुकानात भिंतीसाठी डबा मागतानाही. दोन्हीकडे दुकानदार शुभ्र पांढरा माल पुढे करीत नाही. सायीकडे झुकणारी, किंचित पिवळसर अशी ती छटा असते, हे त्यालाही ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. मात्र खरा हस्तिदंत हाती आला की हीच माणसे तो पांढरा करायला निघतात. भाषेला जे कळते ते भाषा बोलणाऱ्याला कळतेच असे नाही, याचा याहून सोपा दाखला मला सुचत नाही.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण पेण आणि रोहा या दोन्ही गावांत गेल्या काही दशकांत जुनी घरे एकामागून एक उतरत आहेत. मुंबई पसरत पसरत पेणच्या वेशीशी आली. रोह्याला धाटावच्या कारखान्यांनी गावाचा नूर पालटला. वाडा पाडायचा ठरला की माळ्यावरचे पेटारे खाली येतात आणि त्यांच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेल्या काही वस्तू निघतात : सारीपाटाचे लांबट फासे, दोन्ही बाजूंनी दाते असलेली फणी, कुंकवाची डबी, सुरीची किंवा काठीची मूठ. पिवळ्या, तपकिरी, कुठे तडकलेल्या. पुढचा प्रसंग ठरलेला असतो. कोणी म्हणते लिंबू चोळा, कोणी म्हणते दंतमंजन लावा, कोणी सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायला सांगते, आणि अलीकडे कोणी तरी मोबाइलवर पाहून केस रंगवताना वापरतात ते पेरॉक्साइड आणते. दुसऱ्या दिवशी वस्तू पांढरी झालेली असते आणि घरात समाधान पसरते. माझे म्हणणे असे की त्या रात्री घरात एक लहानशी तोडफोड झालेली असते. ती कौतुकाने झालेली असते, एवढाच तिच्यात आणि वाडा पाडण्यात फरक.

हस्तिदंत म्हणजे दात. तो दगड नाही, धातूही नाही. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांनी बनलेल्या खनिजाचा आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा व पाण्याचा असतो. हाडाची घडणही याच दोन द्रव्यांची. आता आपल्या घरगुती उपायांकडे पाहा. लिंबू, चिंच, व्हिनेगर ही आम्ले खनिज विरघळवतात. आपल्या तोंडातल्या दातांना आंबट जे करते तेच ती इथेही करतात. धुण्याच्या सोड्यासारखे क्षार प्रथिनावर घाला घालतात. दंतमंजनातली बारीक खर कोरीवकामाच्या कडा झिजवते. पेरॉक्साइड रंग उडवते आणि वरचा थर खडूसारखा ठिसूळ करून सोडते. पाण्यात भिजवलेला हस्तिदंत पाणी पितो, फुगतो, पण सर्व दिशांना सारखा फुगत नाही. म्हणून वाळताना वाकतो आणि तडकतो. शेवटी चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळले जाते. ते आत मुरते, कालांतराने खवट होते, धूळ धरते आणि पहिल्यापेक्षा गडद पिवळेपणा आणते. म्हणजे ज्याच्यावर उपाय केला तोच रोग उपायातून पुन्हा जन्मतो, तोवर वस्तू मात्र एक थर गमावून बसलेली असते.

आणि तो पिवळेपणा रोग होता तरी का? हस्तिदंत अंधारात पिवळा होतो आणि उजेडात फिका पडतो. पेटाऱ्यात साठ-सत्तर वर्षे पडलेला फासा पिवळा असणारच. ते त्याचे वय आहे. फणीचे पिवळेपण तर त्याहून बोलके. घरातल्या तीन-चार पिढ्यांच्या बायकांच्या केसांचे तेल दात्यांच्या मुळाशी मुरलेले असते. फाशाच्या कडा ज्या बाजूने गुळगुळीत झाल्या, त्यावरून तो किती खेळला गेला हे कळते. आपल्याकडच्या घराण्यांच्या बखरी, कैफियती, वंशावळी पुरुषांच्या आहेत. बायकांचा दस्तऐवज फार थोडा उरला आहे, आणि जो उरला आहे तो बहुतांशी अशा वस्तूंवरच्या झिजेत आणि डागांत आहे. तो पुसून टाकून वर आपण ‘आजीची आठवण जपली’ असे म्हणतो.

मळ समजून काय काय पुसले जाऊ शकते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. इ. स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंचीची. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. बराच काळ तिला लक्ष्मी म्हणत. आता ती यक्षी असावी असे मानतात. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या महाराष्ट्रात सापडल्या : एक तेरला, म्हणजे जुन्या तगरात, आणि दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, १९७३च्या उत्खननात. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे. ती कुठे घडली असावी या साऱ्या चर्चेत तेरा-भोकरदनच्या भगिनींइतकेच वजन त्या एका अक्षराला आहे. तळ म्हणजे वस्तूचा न दिसणारा भाग. पॉलिश करणारा पहिला हात मारतो तो तिथेच, कारण तिथे चुकले तरी चालते असे त्याला वाटते.

दुसरे उदाहरण अफगाणिस्तानातल्या बेग्रामचे. तिथे १९३७ आणि १९३९ साली भारतीय घडणीच्या हस्तिदंती पट्ट्यांचा मोठा साठा मिळाला. काबूलच्या संग्रहालयातून त्यांतल्या अनेक १९९०च्या दशकातील यादवीत चोरीला गेल्या. परत मिळालेल्या वीस नगांवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उपचार झाले आणि २०१२ साली ते काबूलला परत गेले. या तपासणीत उघड झाले की हे कोरीवकाम मुळात लाल, निळ्या, काळ्या रंगांनी रंगवलेले होते. ते रंग आज फटींमध्ये कणाकणाने उरले आहेत, उघड्या डोळ्यांना मळासारखे दिसणारे. कोणा उत्साही माणसाने दात घासायच्या ब्रशने त्या फटी ‘साफ’ केल्या असत्या, तर प्राचीन भारतीय हस्तिदंत पांढराच असे, हा आपला गैरसमज पुराव्यानिशी सिद्ध झाला असता!

मात्र पांढऱ्याचे वेड आपल्याच अंगणात उगवले असे समजू नये. याच ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली पार्थेनॉनची ग्रीक शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली आणि तो डाग त्या संस्थेच्या कपाळावरून अजून गेलेला नाही. त्याच्याही साठ वर्षे आधी, १८७७ साली, विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये एक संस्था काढली. तिचे टोपणनाव ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचे होते. आपल्याकडे अशा खरवडविरोधाची गरज आहे असे म्हणणारे फारसे भेटत नाहीत.

का भेटत नाहीत, याचे एक कारण मला आपल्या शब्दांत दिसते. ‘जीर्णोद्धार’ हा आपला लाडका शब्द. जे जीर्ण झाले त्याला वर काढणे, असा त्याचा अर्थ. व्यवहारात तो काय करतो ते कोकणातल्या गावोगावच्या देवळांत पाहावे. कौलारू छप्पर, लाकडी खांब, शेणाने सारवलेली ओसरी गेली. सिमेंटचे शिखर, चकचकीत लाद्या आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आली. जीर्णाचा उद्धार झाला म्हणजे जीर्ण तेवढे नाहीसे झाले. ‘जतन’ हा दुसरा, साधा शब्द आपल्याकडे आहेच. त्यात उद्धाराचा आव नाही. राखणे, सांभाळणे, येणाऱ्याच्या हाती देणे इतकेच त्यात येते. या दोन शब्दांपैकी आपण समारंभासाठी पहिला निवडला आणि दुसरा भाषणांपुरता ठेवला.

इथे पेणकर एक रास्त हरकत घेतील. पेणचे सारे नाव नवेपणावर उभे आहे. दर वर्षी नवी माती, नवा साचा, नवा रंग. डोळ्यांची आखणी ताजी हवी, आणि दीड ते अकरा दिवसांत सारे पाण्याला अर्पण. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना जुन्यावर ब्रश फिरवू नका हे कसे पटावे? मला वाटते, पटायला सर्वांत सोपे त्यांनाच आहे. गणपतीची मूर्ती विसर्जनासाठीच घडते. तिच्यात जुने होण्याची सोयच नाही, आणि तेच तिचे सौंदर्य. आखणी करणाऱ्याला हेही ठाऊक असते की एकदा चुकलेली रेघ पुसता येते, पण पुसल्याची खूण राहते. हस्तिदंताचा धर्म नेमका उलटा. तो एकदाच मिळाला आहे, त्यासाठी एक प्राणी मेला आहे, आणि त्याच्यावरून गेलेला थर पुढच्या भाद्रपदात परत येणार नाही. एका वस्तूचा न्याय दुसरीला लावणे हा कारागिराचा विचार नव्हे, गिऱ्हाइकाचा आहे.

दुसरे कारण अधिक खोल आणि अधिक अप्रिय आहे. आपण स्वच्छता आणि शुद्धी यांत गल्लत करतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तूंच्या शुद्धीची जंत्री आहे. तीत शंख, शिंग, हाड आणि दात यांच्या वस्तू गोमूत्राने किंवा पाण्याने शुद्ध कराव्यात असे सांगितले आहे. तिथली चिंता वस्तू टिकावी ही नाही, विटाळ जावा ही आहे. ज्या जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला त्याच जिल्ह्यात आपण राहतो. तरी डाग म्हणजे दोष आणि पांढरे म्हणजे पवित्र हे समीकरण आपल्या स्वयंपाकघरातून हललेले नाही. गंमत अशी की त्या जंत्रीतही शुद्धी ‘जाणत्याने’ करावी अशी अट आहे. आपण विटाळाची कल्पना ठेवली आणि जाणतेपणाची अट तेवढी सोडून दिली.

हाडाच्या वस्तूंचे जे होते ते याच समीकरणातून. घरात निघालेली प्रत्येक जुनी पांढुरकी वस्तू ‘हस्तिदंती’ असते, कारण हाड म्हणायची जीभ होत नाही. जवाहिऱ्याच्या भिंगाखाली मात्र खरे दिसते. हस्तिदंताच्या आडव्या कापावर परस्परांना छेदणाऱ्या बारीक वक्ररेषांची जाळी असते. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या असतात, एके काळच्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. सेल्युलॉइडच्या नकलेत समांतर रेषा असतात, पण जाळी नसते. तापलेली सुई टोचून वासावरून ओळखण्याची जी युक्ती सांगितली जाते ती परीक्षा नाही, इजा आहे. तर असे भिंगाखाली हाड निघाले की वस्तू उकिरड्यावर जाते. ज्या कारागिराने ती घडवली त्याची जात आणि ज्या जनावराचे ते हाड त्याची जात, अशा दोन जातींचा निकाल एकदम लागतो. हाडाच्या फणीवरचे कोरीवकाम हस्तिदंतावरच्यापेक्षा कमी जीव लावून केलेले नसते. उलट, साध्या घरांनी वापरलेली म्हणून ती अधिक दुर्मीळ पुरावा ठरते.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो स्पष्ट बोललेला बरा. पुष्कळदा वस्तू पांढरी केली जाते ती ‘चांगली किंमत यावी’ म्हणून. अशांनी कायदा वाचावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. १९७७ साली हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. वस्तू पणजोबांची आहे, म्हणून ती विकता येते असे नाही. वारशाने आली असेल तर नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करण्याचे बंधन आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनुसार मालकी प्रमाणपत्र असलेल्याला नको असलेली वस्तू सरकारकडे जमा करता येते, मोबदल्याविना. रोहा हे तर एका वनविभागाचेच नाव आहे. चौकशीला फार लांब जावे लागत नाही. ‘जुन्या वस्तूंना नवे रूप’ देणारा जो कोणी दारात येऊन फासे तपासतो आणि जाता जाता किंमत सांगतो, तो काय मागतो आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ओळखावे.

याच्या दुसऱ्या टोकाला एक प्रामाणिक आक्षेप उभा आहे. हत्ती मारून मिळवलेली वस्तू जपायची तरी कशाला? केनियाने १९८९ साली बारा टन हस्तिदंत जाळला, तसे आपणही करावे. या आक्षेपातल्या संतापाचा मला आदर आहे. पण केनियाने जाळले ते चोरट्या शिकारीतले सुळे, बाजारात जाऊ पाहणारा माल. पेणच्या पेटाऱ्यातली फणी बाजारात जाऊ नये ही माझीही मागणी आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडून मुंबई बंदरात आफ्रिकेचा हस्तिदंत उतरत होता. आपल्या घरातली फणी कदाचित त्याच वाटेने आली. त्या प्राण्याची आणि त्या व्यापाराची साक्ष म्हणून ती राहिली पाहिजे. पांढरीशुभ्र, चकाकती, कालच घडवल्यासारखी फणी ही साक्ष देत नाही. ती फक्त आणखी एक हवीशी वाटायला लावते.

मग करायचे काय? बरेचसे न करणे. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. तडा, रंग, सोनेरी काम किंवा डकवलेला तुकडा दिसला तर तिथेच थांबावे. काहीच नसेल आणि खरोखर चिकट थर असेल, तर शुद्ध पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर हलकेच फिरवावा आणि तो भाग लगेच कोरडा करावा. ऊन, बल्बची उष्णता, रबर आणि रंग जाणारे कापड यांपासून वस्तू दूर ठेवावी. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात फुगलेला हस्तिदंत मे महिन्यात आकसतो, पण हा चढउतार संथ असेल तर तो सोसतो. पेणच्या पेटाऱ्यातून काढून मुंबईच्या वातानुकूलित दिवाणखान्यातल्या दिव्याखाली मांडला की तो महिन्याभरात तडकू शकतो. तुटलेला तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये. कागदात गुंडाळून मूळ वस्तूसोबत ठेवावा. जोडायचाच असेल तर काम जाणत्याकडे द्यावे : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८पासून कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे.

दुरुस्तीला माझा विरोध नाही. तिची शिस्त मराठीच्या अभ्यासकाला तरी नवी वाटू नये. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. आजचा संपादक त्याहून एक पाऊल पुढे जातो. तो जो पाठ नाकारतो तोही तळटीपेत ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच्याशी भांडता यावे. हस्तिदंताच्या दुरुस्तीचा नियम हाच आहे. जे जोडले ते जवळून पाहिल्यावर ओळखू यावे, उद्या काढता यावे आणि काय केले याची नोंद राहावी. पोथीतले एक अक्षर कोणी ‘सुधारले’ तर आम्ही मराठीचे प्राध्यापक लेखणी परजून धावतो. शेजारच्या वाड्यातली दोनशे वर्षांची फणी लिंबाने चोळली जात असताना आम्हाला त्याचे काही वाटत नाही. वारसा म्हणजे छापील वारसा, ही आमच्या विषयाची सोयीस्कर समजूत आहे.

‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांची तशी समजूत नव्हती. जुन्या घरांतल्या रोजच्या वापराच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याला एक कवी हे करू शकला. पेण आणि रोह्याकडून मी एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा करीत नाही. वाडा उतरवण्यापूर्वी पेटाऱ्यातल्या वस्तूंची छायाचित्रे काढून, मोजमापे घेऊन, त्या कोणी वापरल्या हे घरातल्या वृद्धांना विचारून एका वहीत टिपायचे, इतके काम इथल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. त्याला अनुदान लागत नाही. खर्च एका वहीचा आणि भिंगाचा. आणि वस्तू घरच्या घरी, जशी आहे तशी, पिवळीच राहते.